दहाची नोट की दहाचं नाणं?

मंडईतली पहाट. भाजीवालीच्या गोणपाटाखाली दहाच्या नोटांची चळत आहे. ओल्या हातांनी मोजून मोजून नोटा मऊ पडल्यात, मधल्या घडीवर चिरल्यात. कागद शंभर टक्के सुती आहे, पण मेथीच्या जुड्यांतून गळणाऱ्या पाण्यापुढे त्याचंही काही चालत नाही.

आता हे दहाचं नाणं बघा. 27 मिलिमीटर, 7.71 ग्रॅम. ओलं झालं तर पदराला पुसायचं. टिकण्यात नोट याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी ते अनेक गावांत चालत नाही, कारण घेतलेलं नाणं पुढे कोण घेणार, ही धास्ती. 2009 पासून नमुने इतके निघाले की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं: चौदाही नमुने खरे आहेत. नाण्यावरच्या पाकळ्यांसारख्या रेषा दहा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, ही निव्वळ अफवा.

घोळ मापांचाही आहे. स्टीलचा जुना रुपया 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम. 2011 च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही नेमकं तेवढंच. दोन्ही मिसळली की तराजूला फरक कळत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या बोटांनाही नाही. विसाच्या नाण्याचा व्यासही दहाच्या नाण्याएवढाच, 27 मिलिमीटर. पण त्याला बारा बाजू दिल्या, हे फार चांगलं झालं. गर्दीच्या बसमध्ये वाहकाच्या अंगठ्याला कडेवरूनच ओळख पटते.

म्हणून नाणं यावं, पण नोट घाईने बंद करू नये. पाचच्या नोटेची छपाई 1995 मध्ये थांबवली होती. नाणी पुरेनात, म्हणून 2001 मध्ये ती नोट पुन्हा काढावी लागली. सुट्ट्यांची टंचाई पहिल्यांदा हातगाडीवाल्यालाच भोवते.

खरी अडचण बँकेच्या खिडकीवर आहे. कायद्याने एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतची नाणी चालतात. खात्यात भरायला मात्र तीही मर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेने सोयीसाठी शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या सुचवल्यात. दहाची शंभर नाणी म्हणजे 771 ग्रॅम, हजार रुपये. दुकानदाराने एकाच किमतीची नाणी वेगळी काढावीत, पिशवी बांधावी, पावती घ्यावी. ही पिशवी खिडकीवरून परत आली, तर दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार भाजीवालीला म्हणतो, “मावशी, नाणं नको, नोट द्या.”