ड्यूसेनबर्ग : चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची

मित्रहो, जुनी गाडी घेताना आपला फिटर पहिलं काम काय करतो? बॉनेट उघडतो आणि आरसी बुकातला इंजिन नंबर, चेसिसचा (म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा) नंबर प्रत्यक्ष ताडून बघतो. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, त्या गाडीचे हे दोन्ही नंबर जुळले तरी संग्राहकाच्या जिवाला स्वस्थता नसते. गाडीचं नाव ड्यूसेनबर्ग, मॉडेल जे.

फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मनीचे, लहानपणी अमेरिकेत आलेले. रेसच्या गाड्या बांधणं ही त्यांची खरी हौस. १९२१ साली फ्रेंच ग्रां प्री ही मोटारशर्यत त्यांच्या गाडीनं जिंकली. व्यवहार मात्र दोघांना कधी जमला नाही. १९२६ मध्ये उद्योगपती एरेट लॉबन कॉर्ड यांनी कंपनी विकत घेतली आणि फ्रेडना सांगितलं, अमेरिकेतली सर्वात भारी गाडी काढा. १ डिसेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे, वर बसवलेले दांडे), दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा. तेव्हा चांगल्या चांगल्या गाड्यांना शंभरी गाठताना धाप लागत होती! इंजिनाचा रंग पोपटी. आणि डॅशबोर्डवरचे दिवे तर बघत राहावेत असे : तेल बदलायची वेळ झाली की एक दिवा लागायचा, बॅटरीचं पाणी तपासायची आठवण करायला दुसरा. चेसिसला ग्रीस-तेल पुरवणारा पंप दर ७५ मैलांनी आपला आपण चालायचा. माणसानं विसरायचं, गाडीनं लक्षात ठेवायचं.

आता मुद्द्यावर येतो. कंपनी विकायची ती चेसिस : इंजिन, चाकं, बॉनेट, रेडिएटर. किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर. एवढ्या पैशात फोर्डच्या पंधरा-वीस गाड्या दारात उभ्या राहिल्या असत्या. वर बॉडी हवी तर कोचबिल्डरकडे, म्हणजे बॉडी बांधून देणाऱ्याकडे जा आणि आणखी मोजा. आपण कापड घेऊन शिंप्याकडे जायचो, तसाच प्रकार. कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथं मर्फी नावाची कंपनी होती, तिनं या चेसिसवर सर्वात जास्त बॉडी चढवल्या. तिच्या एका कन्व्हर्टिबलचं छत घडी करून मागे टाकलं, की पत्र्याच्या झाकणाखाली पूर्ण नाहीसं व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला छत होतं हे कळूही नये. माझ्या मते मोकळ्या गाडीची इतकी स्वच्छ रेषा पुढे फारशी कोणाला साधली नाही.

पण १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. पाचशे गाड्यांचा विचार होता. १९३७ साली कंपनी बंद पडेपर्यंत त्या ४८१ च्या आसपासच झाल्या. फ्रेड १९३२ मध्येच गेले, स्वतःच्याच गाडीच्या अपघातानंतर.

पुढे युद्धानंतर या गाड्या काहीशे डॉलरला मिळू लागल्या. पेट्रोल पिणारा पांढरा हत्ती कोण पोसणार? आणि इथं खरी गोची झाली. ड्रायव्हरनं चालवायची लांबलचक बंद लिमोझिन कोणाला नको होती, सगळ्यांना उघडी गाडी हवी. मग लिमोझिनची बॉडी उतरवली, दुसऱ्या मेलेल्या गाडीची उघडी रोडस्टर बॉडी चढवली. कुठं इंजिन बदललं, कुठं चेसिस कापून आखूड केली. यात कोणाला काही पाप वाटत नव्हतं, कारण बॉडी बदलणं हे पहिल्या मालकांच्या काळापासूनच चालत आलं होतं. आज मात्र प्रश्न असा विचारला जातो : ही चेसिस, हे इंजिन आणि ही बॉडी पहिल्या दिवशी एकत्र होती का? उत्तर होकारार्थी असेल तर भाव वेगळा, नसेल तर वेगळा. माझं ऐकाल तर, नंतर चढवलेल्या सुंदर बॉडीपेक्षा पहिलीवहिली कुरूप सेडान मी पसंत करीन. अर्थात हे बोलायला सोपं, माझ्याकडे दोन्ही नाहीत.

या कथेत आपला एक माणूस आहे. इंदूरचे महाराजा, दुसरे यशवंतराव होळकर, माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेणारे. त्यांनी मॉडेल जेचीच, पण सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवलेली एसजे चेसिस घेतली आणि ती लंडनला गर्नी नटिंग या कोचबिल्डरकडे बॉडीसाठी दिली. तयार झाली ती नारिंगी-काळी दोन आसनी स्पीडस्टर, केवढं लांब नाक! तशी दुसरी झालीच नाही.

कंपनीनं स्वतः आखूड चेसिसच्या फक्त दोन गाड्या केल्या, नाव एसएसजे. हॉलिवूडचे गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्या हाती त्या दिल्या. नट चालवताना दिसले तर गिऱ्हाईक येईल, ही आशा. गिऱ्हाईक काही आलं नाही. कूपरची गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियात लिलावाला आली, तेव्हा २ कोटी २० लाख डॉलरला गेली.