आंधळा डोळा आणि काणाडोळा

संध्याकाळचे सात वाजले आहेत. मुंबईतील एका उपनगरी स्थानकाच्या जिन्याला अगदी लागून, प्लॅस्टिकच्या कापडावर भाजीचे वाटे मांडलेले आहेत. रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दिला. पालिकेच्या पथकाची 'गाडी आली' अशी हाक उठली की कापडाची चारही टोके क्षणात एकत्र येतात आणि गाडी गेली की पुन्हा पसरतात. एरवी तेथून जाणारा गणवेशातील माणूस नेमका त्याच वेळी समोरच्या बसची पाटी वाचत असतो.

या वाचण्याला मराठीत काणाडोळा म्हणतात. काही जण 'कानाडोळा' असे लिहितात, म्हणजे डोळ्याबरोबर कानही बंद होतात! इंग्रजीतील 'टर्न अ ब्लाइंड आय' हा वाक्प्रचार या शब्दाचा जुळा भाऊ शोभावा असा आहे. मात्र त्याच्यामागे एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची कथा सांगितली जाते.

होरेशियो नेल्सनची उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरील कॅल्वीच्या वेढ्यात गेली होती. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनची लढाई ऐन भरात असताना, दूर थांबलेल्या सरसेनापती हाइड पार्करने आपल्या जहाजावर ३९ क्रमांकाचा इशारा, म्हणजे लढाई थांबवण्याचा हुकूम, चढवला. नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली, आपल्याला इशारा दिसतच नाही असे सांगितले आणि लढाई चालू ठेवली. दुर्बिणीचा तपशील खरा की मागाहून रंगवलेला, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पुढच्याच महिन्यात पार्करला परत बोलावून त्याची जागा नेल्सनला देण्यात आली, याबद्दल मात्र शंका नाही.

गंमत अशी की, या कथेत डोळा बंद करणारा स्वतःच हुकूम मोडणारा आहे, तर आजच्या इंग्रजीत हा वाक्प्रचार बहुधा दुसऱ्याने मोडलेला नियम पाहूनही गप्प राहणाऱ्यासाठी वापरतात. मराठी काणाडोळा याच दुसऱ्या माणसाचा आहे. दोन्ही भाषांत एक अट समान आहे: आधी दिसलेले असले पाहिजे. ज्याला ठाऊकच नाही, त्याच्याकडून दुर्लक्ष झाले असे म्हणता येईल, काणाडोळा नव्हे. हा भेद न्यायालयांनाही महत्त्वाचा वाटला. 'स्टार सी' या जहाजाच्या विम्याच्या खटल्यात २००१ मध्ये, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'ब्लाइंड आय नॉलेज' या कल्पनेचा ऊहापोह केला आणि नुसता निष्काळजीपणा पुरेसा नसून, मनात संशय असतानाही खात्री होऊ नये म्हणून मुद्दाम चौकशी टाळलेली असावी लागते, असे स्पष्ट केले.

आता पुन्हा त्या जिन्याशी येऊ. कोथिंबिरीची जुडी घेऊन घाईने रिक्षाच्या रांगेकडे वळणाऱ्या बाईंना काणाडोळा हा शब्द लावता येत नाही, कारण अडवण्याचे काम त्यांचे नाही. भाजीवालीने नियम धाब्यावर बसवला, असेही म्हणवत नाही. धाब्यावर बसवणारा निर्धास्त असतो, आणि ही तर कापडाच्या एका टोकावर पाय ठेवूनच बसलेली आहे.