कुठल्या तलवारीखाली कोण?

नमस्कार. पावसातून एवढी मंडळी आलात. चहा असल्याचं कळलेलं दिसतंय.

पत्रिकेवर विषय छापलाय 'न दिसणारा शत्रू', सिनेमा जॉन फोर्डचा, १९३४ सालचा 'द लॉस्ट पेट्रोल'. वर्ष १९१७, पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. ब्रिटिश घोडेस्वारांची तुकडी वाळवंटातून चाललीय. सुरुवातीलाच अधिकाऱ्याला गोळी लागते. जायचं कुठे, कशासाठी, ते त्या एकट्यालाच ठाऊक! हुकूम त्याच्याबरोबरच गेला. (सरकारी खात्यातले कोण कोण आहेत? हां, तुम्हाला पुढचं सांगायला नको.) मग सार्जंट, म्हणजे व्हिक्टर मॅक्लॅग्लन, सगळ्यांना खजुराच्या बनात पाण्याशी आणतो. रात्रीत घोडे चोरीला जातात आणि मग एकेक माणूस टिपला जातो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला एका फिल्म सोसायटीत. शाळेचा हॉल, १६ एमएमचा प्रोजेक्टर, दोन रिळं. आणि ऑपरेटरने लावलं दुसरं रीळ आधी! पडद्यावर एकदम बोरिस कार्लोफ, अंगावर चिंध्या, हातात काठ्यांचा क्रूस, टेकाड चढतोय. आम्हाला वाटलं, हा फ्रँकेनस्टाईनवाला इथे कसा? थोड्या वेळाने वाळूत थडगी, त्यांवर रोवलेल्या तलवारी, सिनेमा समाप्त. दिवे लागले, चहा झाला. मग पहिलं रीळ. गेलेली सगळी मंडळी ताजीतवानी होऊन पाणी पितायत, गप्पा मारतायत! शेजारचे गृहस्थ कानात म्हणाले, "फ्लॅशबॅक." नंतरच्या चर्चेत एकजण फोर्डच्या 'काळाच्या मोडतोडी'वर दहा मिनिटं बोलले. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

पण खरं सांगतो, पुढे सरळ क्रमाने पाच-सहा वेळा पाहिला, ती भीती पुन्हा लागली नाही. त्या दिवशी प्रत्येक हसरा चेहरा दिसला की मी मनात हिशोब करत होतो, हा कुठल्या तलवारीखाली?

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' बरं, पळतो.

फोर्ड या गोळ्या झाडणाऱ्या अरबांना जवळजवळ शेवटपर्यंत दाखवतच नाही. गोळी येते, माणूस पडतो, टेकड्या रिकाम्या. बाकी जागा मॅक्स स्टायनरचं संगीत भरतं. युक्ती अस्सल आहे, पण सोयीचीही आहे. जो दिसत नाही त्याला नाव द्यावं लागत नाही, हे पाणी कोणाचं हेही विचारावं लागत नाही.

आणि न दिसणारे आणखीही आहेत. त्या आघाडीवर ब्रिटिशांची फौज मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानी होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथलं कुत-अल-अमारा हे गाव पडलं, तेव्हा शरण गेली ती सहावी पूना डिव्हिजन. आपल्या पुण्याच्या नावाची! तिच्यात ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती, १४७ दिवस वेढ्यात. आता तुम्ही म्हणाल, गोऱ्या घोडदळाच्या तुकडीत मराठे कुठून येणार? मान्य. पण तुकडी कोणती निवडायची, हे कोणीतरी ठरवलंच ना!

रशियात मिखाईल रोमने १९३६ मध्ये हाच साचा 'तेरा' या सिनेमासाठी घेतला, तिथून तो १९४३ च्या, नट हम्फ्री बोगार्टच्या 'सहारा'त गेला, तिथे शत्रूला चेहरा आला, शिवाय एक सुदानी सार्जंट मेजरही. हे खरं तर आजचं व्याख्यान होतं. दुसरी चिठ्ठी आली.

थांबतो. आता सिनेमा सुरू होतोय. ऑपरेटरसाहेब, पेनड्राइव्हवर आहे ना? मग आधी निम्म्यापासून लावता येईल का?