परागकणांच्या अंदाजाचा दुबळा दुवा : उगमाचा नकाशा

हवेतील परागकणांच्या अंदाजाविषयी बोलताना आज मी एकाच प्रश्नाशी थांबणार आहे : हे कण नेमके कोठून सुटतात? अंदाज वर्तवणारे मॉडेल वाऱ्याची दिशा, तापमान, पाऊस आणि हवेचे वर-खाली मिसळणे ही माहिती हवामानाच्या मॉडेलकडून घेते, आणि तो भाग आता बराच भरवशाचा झाला आहे. बर्च या थंड प्रदेशातील झाडाचा परागकण साधारण २० ते २५ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. तो एकदा हवेत गेला की कोठवर वाहत जाईल, याचे गणित मांडता येते. मात्र तो कोठून आणि किती संख्येने निघाला हेच चुकीचे धरले, तर पुढचे गणित कितीही काटेकोर असो, दम्याच्या रुग्णाच्या हाती चुकीचा अंदाज पडतो.

उपग्रह आहेत, मग अडचण कसली, असे कोणी विचारेल. सेंटिनेल-२ हा उपग्रह १० मीटरच्या बारकाव्याने जमीन दाखवतो. पण पानगळीचे जंगल दिसणे वेगळे आणि त्यात बर्च किती हे कळणे वेगळे. शिवाय शहरातील बागांत आणि रस्त्यांच्या कडेला विखुरलेली झाडे वनखात्याच्या मोजणीत बहुधा येतच नाहीत, आणि माणसांच्या नाकाशी सर्वांत जवळ तीच असतात. गवताचे प्रकरण याहून अवघड आहे. कुरण नकाशावर ठळक दिसते, पण फुलोऱ्यावर येण्याआधी कापलेले कुरण परागकण जवळपास देत नाही. त्यातच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गवतांचे परागकण सारखेच दिसत असल्याने, सापळ्यात, म्हणजे हवेतील कण पकडून मोजणाऱ्या उपकरणात, सापडलेल्या कणांवरून कोणते गवत फुलले हे ओळखता येत नाही.

रॅगवीडच्या बाबतीत संशोधकांनी उलट्या दिशेने वाट काढली. हे तण झाडासारखे मोजता येत नाही, म्हणून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत पॅनोनियन मैदानासाठी, म्हणजे हंगेरी व त्याच्या शेजारच्या सखल प्रदेशासाठी, सापळ्यांतील वर्षभराच्या नोंदीच आधाराला घेतल्या. एखाद्या सापळ्याभोवतालची कोणती जमीन या तणाला मानवते, हे जमिनीच्या वापरावरून व उंचीवरून ठरवायचे आणि मोजलेल्या परागकणांचा भार त्या जमिनीवर वाटून द्यायचा, अशी ही रीत आहे. मला ती फार मोलाची वाटते. पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. सापळ्यातील कण दुरून आलेले असतील, तर जेथे ते तण जवळपास नाही ती जमीनही नकाशावर उगम म्हणून चढते. पोलंडमधील पोझनान येथे दक्षिणेकडून वाहत आलेले रॅगवीडचे परागकण नोंदले गेले आहेत. अशा वेळी घड्याळ उपयोगी पडते : रॅगवीड आपले परागकण मुख्यतः सकाळी सोडते, त्यामुळे सापळ्यातील संख्या रात्री वाढली तर दूरच्या उगमाचा संशय घ्यावा. रोजची एकच सरासरी ठेवली की हा पुरावा पुसला जातो. म्हणून तासागणिक नोंदींचा मी आग्रह धरतो.

नकाशा एकदा काढून भिंतीवर टांगण्याची ही वस्तू नाही. बर्चचे लोंबते नर फुलोरे आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, आणि भरभरून फुललेल्या वर्षानंतर पुष्कळदा हलके वर्ष येते. झाडे तितकीच राहतात, परागकण मात्र कमी-अधिक होतात. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सुगी (जपानी सीडर) या वृक्षाची प्रचंड लागवड झाली. तेथे वसंतातील अंदाजासाठी आधीच्या हिवाळ्याच्या सुमारास या झाडांवरील नर फुले पाहून त्यांची गणना केली जाते. उत्तर इटलीत २०१३ साली ऑफ्रेला कम्युना हा रॅगवीडची पाने खाणारा भुंगेरा आढळला, आणि त्यानंतर मिलानच्या परिसरात या तणाचे परागकण झपाट्याने घटले; त्याआधीचा नकाशा तेथे अचानक जुना ठरला.

म्हणून नवा नकाशा हाती आला की त्याची तपासणी कशी केली, हे मी सर्वांत आधी विचारतो. ज्या सापळ्यांच्या नोंदींवरून तो काढला, त्यांच्याशीच तो ताडून पाहणे निरर्थक आहे. काही सापळे मुद्दाम बाजूला ठेवायला हवेत. बरेच सापळे शहरातील उंच छपरांवर असतात, तेव्हा बाजूला ठेवलेल्यांपैकी निदान काही उगमाच्या पट्ट्यातच, शेतांच्या आणि कुरणांच्या मधोमध बसवावेत.