डागांची गोधडी

नमस्कार मंडळी, आज एका गोधडीबद्दल सांगायचंय, आणि ती आपल्याकडची नाही बरं का, अमेरिकेच्या पश्चिमेकडची, टेक्सास, वायोमिंग, मोंटाना अशा गुराढोरांच्या मुलखातली.

तिकडे पूर्वी माळावर कुंपणंच नव्हती. सगळ्यांची गुरं एकत्र चरायची, मग कुठलं कुणाचं ओळखणार कसं, तर वासरू लहान असतानाच तापवलेल्या लोखंडाने त्याच्या अंगावर मालकाची खूण डागायची. आपण शर्टाचा ब्रँड विचारतो ना, तो शब्द असल्या डागण्यावरूनच आला. खूण सरकारदरबारी नोंदवायची आणि ती वाचायचीही रीत असते, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. अक्षर आडवं झोपलेलं असलं की लेझी, पंख असले की फ्लाइंग, खाली पाळण्याच्या बुडासारखी वाकडी रेघ असली की रॉकिंग, आणि रेघ सरळ असली की बार. टेक्सासच्या किंग रँचचा (रँच म्हणजे गुरं पाळायचा मोठा मळा) रनिंग डब्ल्यू, म्हणजे वळणदार डब्ल्यूची खूण, 1869 साली नोंदवलेला, आजही चालू आहे. चोर लोक तापलेल्या सळईने असल्या खुणेत एखाददुसरी रेघ वाढवून गुरं आपल्या नावावर करायचे, त्यावरून काय काय भांडणं झाली असतील!

आणि हीच खूण बायकांनी सुईदोऱ्याने कापडावर घेतली.

शाळेला पैसे हवेत, चर्चचं छप्पर गळतंय, आणि वस्ती म्हणजे मैलामैलावर एकेक घर, वर्गणी मागणार कुठे? मग ठरायचं, ब्रँड क्विल्ट, म्हणजे डागांची गोधडी, करू. रँचवाल्याने थोडे पैसे द्यायचे, बायका त्याची खूण एका चौकोनावर भरणार, मग सगळे चौकोन जोडून, अस्तर लावून, धावदोरा घालून गोधडी तयार झाली की तिचा लिलाव नाहीतर लकी ड्रॉ. म्हणजे एकाच गोधडीवर दोनदा पैसे! मला तर हे डोकं फार आवडलं.

गोधडीवर लोकांची नावं भरून पैसे जमवायची पद्धत अमेरिकेत होतीच, डिसेंबर 1917 मध्ये एका मासिकाने रेड क्रॉससाठी अशा गोधडीतून हजार डॉलर कसे उभे करायचे तेसुद्धा छापलं होतं. पण नावापेक्षा डाग मला जवळचा वाटतो, कारण तिकडे माणसाची ओळखच त्याच्या डागावरून, आणि गोधडीवर लाखो एकरवाल्याचा चौकोन जेवढा तेवढाच चाळीस गुरं असलेल्या बाईचा, शेजारी शेजारी.

अशा गोधड्या आता तिकडच्या म्युझियममध्ये आहेत, त्यातल्या कितीतरी रँच कधीच मोडल्या. कधी बघायला मिळाली तर रॉकिंगच्या त्या वळणाकडे अगदी जवळून बघा, तिथे टाका बारीक घ्यावाच लागतो, जरा लांब पडला की वळण सरळ होतं, रॉकिंगचा बार होतो आणि खूण दुसऱ्याच कुणाची तरी होऊन बसते.