मोहिनी आणि तिची आई

(दृश्य : नाशिक, गोदाघाट, पहाट. पायरीवर बसून एक मुलगी पायात चाळ बांधते आहे.)

चाळ बांधायला वेळ लागतो. घाई केली की गाठ सुटते.

१९१३ साली याच नाशकात साधारण तेरा वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्यासमोर नाचली. मूकपट होता तो. चाळांचा आवाज पडद्यावर पोचणारच नव्हता. पण बिनचाळांचा पाय उचलायची सवय नाटकातल्या मुलीला असेल कुठून? कमळा कामत तिचं नाव. पुढे कमळाबाई गोखले. चित्रपट होता ‘मोहिनी भस्मासुर’, दादासाहेब फाळके यांचा दुसरा.

(दृश्य : संग्रहालयातला लाकडी कॅमेरा. हात हँडल फिरवतो.)

हे हँडल बघा. एका फिरकीत आठ चित्रं, सेकंदाला दोन फिरक्या. सोळा चित्रं झाली की पडद्यावर माणूस हलला. फिरवणाऱ्याच्या हाताची लय चुकली, तर नाचणारीचा ताल पडद्यावर चुकणार. दोष मात्र तिलाच. दिवे नाहीत, सगळं उन्हावर. ढग आला की काम थांबलं. फाळके ओरडून सूचना देऊ शकत होते, कारण आवाज कुठे उमटतच नव्हता. आणि कमळाची सगळी तालीम मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची! इथे आवाजाला किंमत शून्य. हात, डोळे, मान, एवढ्यावर निभावायचं.

(दृश्य : मुलगी नाचते. हात हळूहळू डोक्याकडे जातो.)

गोष्ट आपल्याला पाठ आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर मिळालेला असुर, आणि त्याची नजर पार्वतीवर. मग विष्णू मोहिनी होऊन येतो. ती नाचते तसा तोही नाचतो, ती स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो. संपलं.

या चित्रपटात मोहिनी होती कमळा. आणि पार्वती? तिची सख्खी आई, दुर्गाबाई कामत. म्हणजे पडद्यावर आईवर आलेलं संकट लेकीनं नाचून टाळलं. फाळक्यांनी हे मुद्दाम जुळवलं असेल असं नाही, पण जुळलं खरं.

(दृश्य : सालुंके यांचं तारामतीच्या वेषातलं जुनं छायाचित्र.)

हे अण्णा सालुंके. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती. ३ मे १९१३ला गिरगावात, सँडहर्स्ट रोडच्या कोरोनेशन थिएटरात लोकांनी पाहिली ती हीच. फाळक्यांनी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं. बाई मिळाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतला हा नाजूक हातांचा आचारी सापडला. त्यांचा किस्सा आपल्याकडे चवीनं सांगतात, आणि सांगावाच, गंमत आहे त्यात. पण तो तिथेच थांबतो. त्याच वर्षी फाळक्यांना दोन बायका मिळाल्या, हे पुढचं वाक्य बहुतेक वेळा गळतं.

(दृश्य : जुन्या नाट्यगृहाचा रंगपट. आरसा, ट्रंक, खुंटीवरचा शेला.)

दुर्गाबाई आल्या त्या अशा खोल्यांतून. त्यांचे पती आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. दोघं वेगळी झाली. लहान मूल पदरात घेऊन एकट्या बाईनं पोट भरायचं कसं? दुर्गाबाई फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. आज या गावी बिऱ्हाड, उद्या त्या. रंगभूमीवर शालू नेसून बालगंधर्व आले की लोक वाहवा करत. बाईनं तोच शालू नेसला की ती वाया गेली. कमळा चार वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती. शाळा हीच, अंगण हेच.

म्हणून आम्हाला वाटतं, फाळक्यांनी या दोघींना संधी दिली असं म्हणणं अर्धवट आहे. लोक काय म्हणतील, याची किंमत त्या आधीच मोजून बसल्या होत्या. त्यांच्याकडे धीर होता, फाळक्यांना तो हवा होता. भारतीय चित्रपटातली पहिली स्त्री आई की लेक, यावर वाद घालणारेही भेटतात. घालू द्या.

(दृश्य : पुणे. कौटुंबिक छायाचित्रं एकामागून एक.)

कमळाचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. तेही रंगभूमीवरचेच, आधी किर्लोस्कर कंपनीतले. तीन मुलगे. रघुनाथराव लवकर गेले, कमळाबाई काम करत राहिल्या. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले, चंद्रकांत नाटक-सिनेमाकडे. चंद्रकांतचे चिरंजीव विक्रम गोखले.

बोलपट आले, रंगीत चित्रपट आले. १९८०च्या ‘गहराई’त त्या पुन्हा पडद्यावर दिसल्या, ऐंशीच्या घरात असताना.

(दृश्य : पुन्हा गोदाघाट. ऊन चढलं आहे.)

‘मोहिनी भस्मासुर’ची रिळं हाती असती, तर या मुलीला भल्या पहाटे उठवावं लागलं नसतं. नाच संपला तेव्हा तिनं धापा टाकत विचारलं, “परत करू?”

फाळक्यांची फिल्म बोटीनं यायची, इंच-इंच मोजून वापरायची. आमच्या खिशात दोन मेमरी कार्डं होती.

कर म्हटलं.