टक्कर बेताची हवी

मंडळी, ‘जड आयन’ म्हटलं की काहीतरी अवजड डोळ्यांसमोर येतं. तसं काही नाही. अणूतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की उरतो तो धन आयन, आणि तो हीलियमपेक्षा वजनदार अणूचा असला की आम्ही त्याला जड म्हणतो. ऑक्सिजन, जस्त, अगदी युरेनियमसुद्धा.

ते पळवायचे कसे? मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात, १९८८च्या अखेरीपासून पेलेट्रॉन नावाचा वेगवर्धक आहे. उभं यंत्र. आत धातूच्या तुकड्यांची, मधे नायलॉनचे दुवे असलेली साखळी रहाटासारखी फिरते. रहाट पाणी वाहतो, ही विद्युतभार वाहते. मधल्या टर्मिनलवर, म्हणजे हा भार जिथं साठतो तिथं, १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब चढवता येतो. वरून सोडलेला ऋण आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा असलेला, तिकडे ओढला जातो, कार्बनच्या अतिशय पातळ पडद्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन गळतात, तो धन होतो. मग ज्यानं ओढलं तोच त्याला खाली ढकलतो. एका तिकिटात दोन प्रवास! ऑक्सिजनचा धनभार ७ झाला असं धरा. पहिल्या टप्प्यात १४, दुसऱ्यात त्याच्या सातपट, ९८, एकूण ११२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप).

एवढी ऊर्जा कशाला? दोन्ही अणुकेंद्रं धनभारित, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. हळू मारलं तर आयन मागे फिरतो. जोरात मारलं तर दोन्ही चिकटतात, पण नवं केंद्र इतकं तापतं की लगेच फुटतं. खरी कसोटी या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत.

जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत कोसुके मोरितांच्या गटानं तेच केलं. जस्ताचे ३० प्रोटॉन, बिस्मथचे ८३, बेरीज ११३, म्हणजे ११३ क्रमांकाचं नवं मूलद्रव्य. बिस्मथच का? त्याचं केंद्र घट्ट बांधलेलं, त्यामुळे जुळणी कमी तापते आणि एकच न्यूट्रॉन सोडून निवते. पण बिस्मथ २७१ अंशांना वितळतो, म्हणून त्याचा पातळ थर चाकावर लावून चाक फिरतं ठेवायचं. त्यावर सेकंदाला दोन लाख कोटींच्या आसपास आयनांचा मारा. एक अणू २००४मध्ये मिळाला, दुसरा २००५मध्ये. मग वर्षानुवर्षं काही नाही. मोरिता देवळात गेले की ११३ येन वाहत. भौतिकशास्त्रज्ञानं असं करावं का, हे मला विचारू नका. माझा प्रयोग अडला की मीही काय काय करतो!

अडचण अशी की पहिले दोन्ही अणू चार अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनांची गाठोडी) टाकून १०५ क्रमांकाच्या डब्नियमपर्यंत उतरले आणि तिथंच दुभंगले. ओळख पटवायला तेवढा पुरावा पुरेना. १२ ऑगस्ट २०१२ला तिसरा अणू आला. हा डब्नियमपाशी फुटला नाही. आणखी दोन पायऱ्या उतरला, लॉरेन्सियम, मग मेंडेलेव्हियम. सहा अल्फा, ओळीनं. नऊ वर्षांत तीन अणू, आणि २०१६मध्ये नाव मिळालं: निहोनियम.